वादी, प्रतिवादी आणि तुमची रिक्षा

अहो, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. लोक म्हणतील, या बाईला दुःख आहे की नाही. आहे हो. सकाळी चहाला दोन कप काढते आणि मग एक परत ठेवते, तेव्हा ते येतं. पण बाकीचा दिवस मला तुमचा रागच येत असतो, आणि तो कुणापुढे काढायचा? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणून तुमच्याबद्दल नाही, तुमच्याशीच बोलते.

एका दाव्यातल्या वादीला आणि प्रतिवादीला, दोघांनाही तुम्ही एकच वकील कबूल केलात. तीही आपली मुलगी. आणि ते निस्तरायचं काम माझ्या गळ्यात घालून तुम्ही निघून गेलात. तसं हे नवं नाही म्हणा. तुम्ही सगळ्यांना हो म्हणत सुटायचं आणि मागून मी जाऊन नाही म्हणून यायचं, असाच आपला संसार झाला. कुणाला लग्नाला रिक्षा कबूल, कुणाला आपली मोठी पातेली कबूल, एकदा तर तीच पातेली एकाच दिवशी दोन गावांच्या दोन बारशांना. ते सगळं मी निभावलं. पण हे 'नाही' तुमच्याच तोंडून जायला हवं होतं. मागाहून मी गेले की तुमचा शब्द खोटा ठरतो, आणि शब्दाचा खोटा असं तुम्हाला कुणी म्हटलेलं मला खपणार नाही.

शांताराम भावोजी आणि बाळाराम भावोजी, चुलत भाऊ दोघे. बाळाराम भावोजींच्या गोठ्यामागून शांताराम भावोजींच्या शेतावर जायची वाट होती. एका वर्षी ती कुंपण घालून बंद झाली, आणि महाडच्या कोर्टात दावा उभा राहिला. तेव्हा आपली तनुजा दोन वेण्या घालून शाळेत जात होती. दोघांचं बोलणं बंद, जेवणंखाणं बंद, एकमेकांच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे. पण तारखेला जायचं कसं? आपल्याकडून सकाळी कोर्टाच्या वेळेत महाडला पोचवणारी गाडी एकच, तुमची रिक्षा. एसटी येईपर्यंत तिकडे पुकारा होऊन जातो. तेव्हा भांडायला निघालेले दोघे एकाच रिक्षातून जायचे. एकजण पुढे तुमच्या बाजूला अंग चोरून, दुसरा मागे.

वाटेत काय चालायचं ते तुम्ही जेवताना सांगायचात आणि मला हसून घास गिळवायचा नाही. "दत्ता, मागच्याला सांग, पिशवी माझ्या पाठीला लागतेय." की तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "शांताराम, पिशवी." मग मागून यायचं, "त्याला सांग, पिशवीत माझा डबा हाय, बाँब नाय." तुम्ही म्हणायचात, "बाळू, डबा हाय." वाटेतल्या नाते गावच्या बाजारातून महाडपर्यंत हे असंच. कोर्टाबाहेर एक चहा घ्यायचा या टपरीवर, दुसरा त्या. तुम्ही दोन्हीकडे प्यायचात. मी म्हटलं होतं, पित्त होईल. तर म्हणालात, "एकाकडचा सोडला तर दुसऱ्याला वाटंल मी त्याच्या बाजूचा हाय. पित्त परवडला."

त्यांचं आटपेपर्यंत तुम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहायचात. तिथेच ते वकिलीचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं. एक दिवस घरी आलात ते चप्पल न काढताच सांगायला लागलात. एक वकीलबाई आली म्हणे, काळा कोट, हातात फाईल, आणि व्हरांड्यातली सगळी बाप्ये माणसं न सांगता बाजूला झाली. "आपली तनू अशी करायची, गो." मी अंगणवाडीतली बाई. मला वाटायचं पोरीनं डी.एड. करावं, इथेच कुठे शाळेवर लागावी, डोळ्यांसमोर राहावी. यावरून आपण किती वर्षं भांडलो. तुम्ही काही बोलायचा नाहीत, हसायचात. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे मला माझ्या माहेरी पोलादपूरला कुणी शिकवलं नव्हतं. तिथं सगळे व्यवस्थित ओरडून भांडतात.

पोरगी बारावी झाली आणि डोंबिवलीला माझ्या भावाकडे राहून लॉ कॉलेजात जाऊ लागली. तुम्ही पहाटे निघायचात ते वीर स्टेशनला गाडीचे उतारू घ्यायला, मग दिवसभर महाड, नाते, पुन्हा वीर. खर्चाचं मी बोलत नाही, सगळेच आईबाप करतात. मी त्या चेहऱ्याचं बोलते आहे. तनूचा फोन आला की रिक्षा रस्त्याच्या कडेला घ्यायचात, इंजिन बंद करायचात आणि मग बोलायचात. आत बसलेल्या उतारूंना उशीर झाला तरी कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. उलट त्यांनाच पोरीचं वेळापत्रक पाठ झालं होतं. एकदा बाजारात एका अनोळखी बाईनं मला विचारलं, "तुमच्या मुलीचा तो करारांचा पेपर कसा गेला?"

निकाल लागला दिवाळीनंतर. फोन आला तेव्हा तुम्ही वीर स्टेशनबाहेर उभे होतात. माझ्याकडे बातमी तुमच्याकडून आलीच नाही! आधी नाते गावच्या दुकानदाराकडून आली, मग अंगणवाडीच्या मदतनीस बाईकडून, मग तुडीलहून तुमच्या बहिणीचा फोन, की दादा पेढे देऊन आत्ताच गेला. तुडीलला! वीर कुठे, तुडील कुठे, आणि घर कुठे. सगळ्या तालुक्याला पेढे वाटून झाल्यावर तुम्ही घरी आलात, खोक्यात एक पेढा उरला होता, तोही दबलेला. तो मला दिलात आणि ओट्यावर बसून रडलात. मी विचारलं, आता काय झालं? म्हणालात, "काय नाय गो, बरा वाटतंय." मी तुमच्या पाठीवरून हात फिरवला. तुमच्या शर्टाला पेट्रोलचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. तेव्हाच म्हणायला हवं होतं की वकिलीचं तुमचंच बरोबर होतं. पण बोलले नाही. एवढं चढलेल्या माणसाला आणखी कुठे चढवायचं, असं वाटलं.

आणि तुम्ही चढलेलेच होतात. रिक्षाच्या पाठीवर 'तनुजा' तर ती जन्मली तेव्हापासून होतं. तुम्ही महाडला पेंटर गाठून खाली 'वकील' लिहून आणलंत. पोरीनं फोटो पाहून डोक्याला हात लावला. बाबा, अजून सनद मिळायची आहे, त्याच्याशिवाय वकील म्हणायचं नसतं, परीक्षा असते एक. तुम्ही म्हणालात, रंग वाळेपर्यंत मिळेल.

त्याच आठवड्यात ते घडलं. शांताराम भावोजी एकटेच तुमच्याबरोबर नाते गावाला निघाले होते. त्यांचे वकील आता थकले, तारीखच घेतात, असं त्यांनी नुसतं म्हटलं, आणि तुम्ही बोलून मोकळे झालात की आता काळजी सोड, माझी तनू तुझा दावा चालवील. दोन दिवसांनी बाळाराम भावोजी बसले. त्यांनी पोरीचं कौतुक केलं. तुमच्या पोरीचं कुणी कौतुक केलं की तुम्हाला काय होतं ते मला माहीत आहे. त्यांनाही तेच सांगितलंत, तेवढंच, काना-मात्रा न बदलता.

मला कळलं ते असं. एका रविवारी सकाळी शांताराम भावोजींकडून नव्या तांदळाची गोणी आली, 'वकीलबाईंना'. तनू आलेली होती घरी, तिला गंमत वाटली. दुपारच्या आत बाळाराम भावोजींकडून गावठी कोंबडा आला, पाय बांधलेला. तोही 'वकीलबाईंना'. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कोंबड्याकडे बघत होतात. मी म्हटलं, अहो, एक मुलगी दोन घरी कबूल करणारा बाप ऐकला होता, पण तो सोयरिकीत. तुम्ही हे काय केलंत?

तनूनं तुम्हाला समोर बसवून समजावलं. ओरडली नाही, तुमच्यासारखीच आहे ती. एकाच दाव्यात दोन्ही बाजूंनी एका वकिलाला उभं राहता येत नाही. आणि बाबा, आता एकाचंही नाही घेता येणार मला, दोघं तुमच्या शब्दावर आहेत. तुम्हीच सांगा त्यांना. तुम्ही उठून कोंबड्याच्या पायाची दोरी सैल केलीत. मग म्हणालात, "एकाला नाय बोललो तर तो माझ्या रिक्षात बसायचा नाय. दोघांना नाय बोललो तर दोघंय नाय बसायचे. मग ते तारखेला जातील कसे?"

"तो त्यांचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"माझा हाय," तुम्ही म्हणालात. त्यावर मात्र हसला नाहीत.

सांगतो म्हणालात. कोंबडा-भात खाऊन झाला, सांगितलं नाही. थंडी पडली, वालाच्या शेंगा आल्या, मडक्यात शेंगा भाजायच्या पोपट्या लागल्या, दोघेही आपल्या पोपटीला येऊन गेले, एक संध्याकाळी लवकर, एक उशिरा, तरी सांगितलं नाही. मी रोज विचारायचे. पदवीदान होऊ दे, मग सांगतो, म्हणालात.

त्या पदवीदानाची गोष्ट मी आता सगळ्यांना सांगत असते, तुमची परवानगी न घेता. मुंबईतला तो केवढा मोठा हॉल, थंडगार. तुम्ही नवा पांढरा शर्ट घातला होतात आणि घडी मोडू नये म्हणून पाठ टेकत नव्हतात. मुलांची नावं पुकारत होते, एकेक जण काळा झगा सावरत वर जात होतं. माइकवरून तनूचं नाव आलं, पूर्ण नाव, मधे तुमचं. आणि तुम्ही ताडकन उभे राहून ओरडलात, "हजर!" इतकी वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात बसून तुमच्या हाडात ते बसलं होतं, की नाव पुकारलं की हजर म्हणायचं, नाहीतर निकाल विरोधात जातो. अख्खा हॉल हसला. मी तुमचा शर्ट धरून खाली ओढत होते, लाजेनं मेले होते. पण वर तनू थांबली. तिनं वळून आपल्या रांगेकडे पाहिलं आणि हात वर केला. तिथं बसलेल्या मोठमोठ्या लोकांसमोर तिनं तुमच्याकडे बघून हात वर केला हो! आपण दोघांनी मिळून जगात काही नीट केलं असेल तर ते हे, असं मला तेव्हा वाटलं. आता लाजबीज काही उरली नाही. पुन्हा ओरडलात तर मी शर्ट ओढायची नाही.

तिथून आल्यावर शिमग्याच्या आधीची तारीख लागली. सकाळी तुम्ही रिक्षा पुसत होतात. मी डबा द्यायला आले आणि म्हटलं, आज दोघे एकत्र आहेत गाडीत, पदवीदानही झालं, आता कसली वाट बघताय? तुम्ही म्हणालात, "आज सांगतोच." मी म्हटलं, बघू. तुम्ही म्हणालात, "बघच." आणि गेलात.

महाडच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. दोघांनी आणलं म्हणाले, पण उशीर झाला होता. छातीत आलं आणि संपलं. तुमचा चेहरा शांत होता, थोडा खजील, घरी उशिरा यायचात तेव्हा असायचा तसा. तनू डोंबिवलीहून येऊन पोचेपर्यंत मी तुमच्याजवळ बसून होते, आणि खरं सांगते, त्या वेळीही एक विचार डोक्यात येऊन गेला, की सांगितलं का यांनी? मग त्याची शरम वाटली. पण तो विचार गेला नाही. दिवसकार्यात, लोकांच्या येण्याजाण्यात, तो तसाच होता. तुम्ही 'बघच' म्हणाला होतात. मला वाटे, तुम्ही नेहमीसारखं टाळलंत, आणि आता तुम्हाला शब्दाचा खोटा ठरवायचं माझ्याच हातून व्हायचं आहे.

तेराव्याला दोघे आले. जेवणं झाली, माणसं पांगली, पण हे दोघे पडवीच्या दोन टोकांना बसून राहिले. कुणी आधी उठेना. तनू म्हणाली, आई, मी बोलते. मी म्हटलं, नको, मी त्यांची बायको आहे. आणि जाऊन मधे उभी राहिले. सगळ्या गावाला तोंडावर नाही म्हणणारी मी, पण त्या दिवशी आधी पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला.

"भावोजी," मी म्हटलं, "तनूला वकील म्हणून त्यांनी तुम्हा दोघांनाही कबूल केलं होतं. वेगवेगळं. तिला ते करता यायचं नाही, ती कुणाचंच घेणार नाही. त्यांचा राग धरू नका. आनंदात बोलून गेले ते."

मग शांताराम भावोजी म्हणाले, "आमाला ठाऊक हाय, वहिनी."

मला समजेना. ते म्हणाले, माझा तांदूळ आणि याचा कोंबडा एकाच दिवशी तुमच्या दारात आला, गाव केवढं, लपतंय काय? त्याच दिवसापासून दोघांना माहीत होतं. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. बाळाराम भावोजी खांबाकडे बघून म्हणाले, "तो एवढा खुशीत होता. त्याला कोण बोलणार?"

मग त्यांनी त्या सकाळचं सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी, एक थोडं, दुसरा थोडं, एकमेकांकडे न बघता. नाते गाव मागे पडल्यावर तुम्ही रिक्षा बाजूला घेतलीत. इंजिन बंद केलंत. मागे वळलात आणि म्हणालात, दोघांना एक सांगायचं आहे. दोघांनाही कळलं काय ते. शांताराम भावोजी म्हणाले, चल रे, तारखेला उशीर होतोय, येताना सांग. मागून बाळाराम भावोजीही तेच म्हणाले. तुमचं तोंड पडलेलं त्यांना बघवेना म्हणून. तुम्ही दोघांकडे पाहिलंत, हसलात, गाडी चालू केलीत.

म्हणजे तुम्ही सांगायला निघाला होतात. मी तिथेच पडवीत खाली बसले आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

तनूनं पाणी आणलं. मग मी विचारलं, पुढे काय झालं, आणि शांताराम भावोजींनी सांगितलं. थोडं पुढे गेल्यावर तुम्ही गाडी हळू केलीत, कडेला घेतलीत आणि त्यांच्या खांद्यावर कललात. बाळाराम भावोजींनी पूर्वी मुंबईत टेम्पो चालवला होता. त्यांनी उडी मारून हँडल धरलं. शांताराम भावोजींनी तुम्हाला मागे घेऊन मांडीवर डोकं घेतलं. तशी ती रिक्षा महाडला गेली, वादी मागे, प्रतिवादी पुढे, तुम्ही मधे. तारीख दोघांचीही चुकली.

"काही बोलले का ते?" मी विचारलं.

"तो नाय," शांताराम भावोजी म्हणाले. "हा बोलला. हँडल न सोडता बोलला, शांत्या, त्याचा हात सोडू नको. मी बोललो, नाय सोडत."

इतक्या वर्षांत एकमेकांशी बोलले ते तेवढंच. त्यानंतर पुन्हा नाही. त्या दिवशीही आपल्या अंगणातून दोघे दोन बाजूंनी गेले. दावा चालू आहे, वाट बंद आहे. जाताना दोघांनी तनूला वेगवेगळं गाठून सांगितलं, माझा नाही घेतलास तर चालेल, त्याचाही घेऊ नकोस. पुढच्या महिन्यात तिची सनद होईल. महाडलाच बसणार म्हणते.

तर भांडण माझं हे होतं, आणि ते मी हरले. माझं ऐकून तुम्ही थंडीच्या आधीच सांगितलं असतंत, तर एक तरी रागावून तुमच्या रिक्षातून उतरला असता. मग त्या सकाळी गाडीत एकच असता. एकटे बाळाराम भावोजी असते, तर तुमचा हात कुणी धरला नसता. एकटे शांताराम भावोजी असते, तर त्यांना गाडी हाकता येत नाही, तुम्ही रस्त्याच्या कडेलाच गेला असतात. अहो, तुम्ही दोघांना हो म्हणालात ते बरं केलंत.